कृतिप्रधान भूमिकाखेळ : न वाचली जाणारी संहिता
(खान्देशातील एका खेळणाऱ्याची समीक्षात्मक निरीक्षणे)

प्रस्तावना

मराठी समीक्षेने कथा, कविता, कादंबरी आणि नाटक यांच्यापलीकडे जाऊन चित्रपटाचा आणि काही प्रमाणात दूरचित्रवाणी मालिकांचाही विचार केला आहे. संगणकीय खेळांकडे मात्र ती अद्याप गांभीर्याने वळलेली नाही. खेळ म्हटला की व्यसन, वेळेचा अपव्यय आणि हिंसा या तीन मुद्द्यांवर आपली चर्चा संपते. हे मुद्दे निराधार आहेत असे नाही. पण ते समाजशास्त्राचे आणि मानसशास्त्राचे मुद्दे होत. खेळात सांगितली जाणारी गोष्ट कोणत्या प्रकारची आहे, ती कशी सांगितली जाते, आणि ती ज्याच्यापर्यंत पोहोचायची त्याच्यापर्यंत पोहोचते का, हे प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाचे आहेत.

आपल्या परंपरेला हा विचार परका नाही. भरताच्या नाट्यशास्त्रातील उत्पत्तिकथेत देव ब्रह्मदेवाकडे जातात ते पाहता येईल आणि ऐकताही येईल असे एक खेळणे मागण्यासाठी, आणि त्या मागणीतून नाट्यवेद निर्माण होतो. पाश्चात्य विचारात योहान हुइझिंगा याने १९३८ साली 'होमो लुडेन्स' या ग्रंथात क्रीडा ही संस्कृतीच्या मुळाशी असते असे प्रतिपादन केले. तेव्हा 'हे तर खेळणे आहे' एवढे म्हटल्याने एखादी कृती समीक्षेच्या कक्षेबाहेर जात नाही.

प्रस्तुत लेखात संगणकीय खेळांतील एकाच प्रकाराचा, म्हणजे 'ॲक्शन रोल-प्लेइंग गेम'चा, विचार केला आहे. प्रस्तुत लेखक मराठीचा अध्यापक आहे आणि शालेय वयापासून हे खेळ खेळत आला आहे. जळगाव-धुळे परिसरात हे खेळ ज्या परिस्थितीत खेळले गेले आणि जातात, ती परिस्थिती या विवेचनाच्या केंद्रस्थानी आहे.

संज्ञा आणि स्वरूप

'रोल-प्लेइंग गेम' हा प्रकार मुळात संगणकाचा नव्हे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा मेजाभोवती बसून खेळण्याचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक खेळणारा एका पात्राची भूमिका घेतो, एक जण निवेदकाचे काम करतो, आणि फाशांच्या दानावर प्रसंगांचा निकाल लागतो. पात्राचे बळ, चपळता, बुद्धी इत्यादी गुण आकड्यांत मांडलेले असतात आणि अनुभव वाढेल तसे ते आकडे वाढतात. संगणकावर हा खेळ आला तेव्हा आरंभी खेळणारा आणि शत्रू यांनी आळीपाळीने चाल करावी अशी रचना रूढ होती. ती मोडून चाल आणि घाव तत्क्षणी घडू लागले तेव्हा 'ॲक्शन' हे विशेषण जोडले गेले. मराठीत या प्रकारास 'कृतिप्रधान भूमिकाखेळ' म्हणता येईल.

या नावातच दोन ओढी आहेत. 'कृती' हात आणि डोळा मागते, तर 'भूमिका' भाषा आणि स्मरण मागते. चांगला खेळ या दोहोंचा मेळ घालतो. खेळणाऱ्याला भूमिकेची भाषाच अवगत नसेल तर मात्र त्याच्या वाट्याला केवळ कृती उरते. खान्देशातील खेळणाऱ्याच्या बाबतीत नेमके हेच घडत आले आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

'डायब्लो' : लुटीखाली दडलेली शोकांतिका

१९९६च्या अखेरीस ब्लिझार्ड कंपनीचा 'डायब्लो' आणि २००० साली 'डायब्लो २' प्रसिद्ध झाला. पहिल्या भागात ट्रिस्ट्रम नावाच्या गावातील प्रार्थनामंदिराखाली सोळा मजल्यांचे भुयार आहे. ते प्रत्येक वेळी नव्याने रचले जाते, आणि त्यात उतरत उतरत तळाशी असलेल्या दैत्यापर्यंत पोहोचायचे असते. शत्रू मेला की त्याच्याजवळची शस्त्रे, चिलखते, नाणी जमिनीवर विखुरतात. ती वेचायची, त्यांतील बरी अंगावर चढवायची आणि बाकीची गावात नेऊन विकायची, हे या खेळाचे चक्र होय.

आपल्याकडे हे खेळ पोहोचले ते सायबर कॅफेतून आणि हातोहात फिरणाऱ्या सीडींतून. त्यासोबत छापील पुस्तिका नसे, आणि असली तरी इंग्रजीत. २००५ नंतरची अनेक वर्षे राज्यात भारनियमनाचा काळ होता, तेव्हा वीज जाण्याआधी वाटचाल सेव्ह करून ठेवणे हे खेळणाऱ्याचे पहिले कौशल्य ठरे. अशा घाईत संवाद पुढे ढकलले जात आणि चित्रफिती वगळल्या जात. त्यामुळे आमच्या पिढीतील अनेकांच्या स्मरणात 'डायब्लो' म्हणजे लूट एवढेच राहिले.

वस्तुतः या दोन खेळांना जोडणारी कथा शोकांतिकेच्या जातीची आहे. पहिल्या भागाच्या अखेरीस विजयी झालेला वीर दैत्याचा आत्मा ज्या मण्यात बद्ध आहे तो मणी स्वतःच्याच कपाळात खुपसून घेतो. आपल्या निग्रहाने आपण त्याला आत कोंडून ठेवू, असा त्याचा विश्वास असतो. दुसऱ्या भागात काळ्या झग्यातील एक वाटसरू गावोगाव विध्वंस मागे ठेवीत पूर्वेकडे जात असतो. हा वाटसरू म्हणजे पहिल्या भागातील तोच वीर होय. चौथ्या अंकात खेळणारा डायब्लोला मारतो तेव्हा ज्या देहाचा त्या दैत्याने ग्रास केला तो त्याच्याच पूर्वीच्या भूमिकेचा असतो. आत्मविश्वासातून ओढवणारा विनाश ही शोकांतिकेची जुनीच रीत आहे, पण येथे प्रेक्षक आणि नायक हे दोघेही आपणच आहोत. ज्याने चित्रफिती वगळल्या त्याच्या हाताने ही शोकांतिका पूर्ण झाली, पण त्याला तिची वार्ताही लागली नाही.

'डार्क सोल्स' : अर्धवट वाचनाचे सौंदर्य

यावर असा आक्षेप घेता येईल की भाषा न कळताही खेळ पुष्कळ काही सांगून जातो. हा आक्षेप वजनदार आहे आणि त्याला सर्वांत मोठा आधार २०११ सालच्या 'डार्क सोल्स' या जपानी खेळाचा आहे. त्याचा दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी याने मुलाखतीत सांगितले आहे की, बालपणी तो ग्रंथालयातून आपल्या समजेपलीकडची पुस्तके आणून वाचत असे आणि जे कळत नसे ते चित्रांच्या आधारे कल्पनेने भरून काढीत असे. त्याच्या खेळांची रचना या अनुभवावर उभी आहे. 'डार्क सोल्स'मध्ये कथा सलग सांगितली जात नाही. ती शस्त्रांच्या आणि अंगठ्यांच्या वर्णनांत, पडक्या वास्तूंच्या रचनेत आणि मोजक्या, तुटक संवादांत विखुरलेली असते.

या खेळातील मृत्यूची योजनाही विचारात घेण्याजोगी आहे. खेळणारा मेला की त्याने कमावलेले सारे धन मृत्यूच्या जागी पडून राहते आणि तो पूर्वीच्या धुनीपाशी पुन्हा उठतो. त्या जागेपर्यंत पुन्हा पोहोचला तर धन परत मिळते. वाटेत पुन्हा मेला तर ते कायमचे जाते. मारलेले सामान्य शत्रूही दरम्यान पुन्हा उभे राहिलेले असतात. मृत्यू येथे शिक्षा असतो तसाच शिक्षकही असतो. खेळणाऱ्याच्या पात्राचे आकडे वाढतात त्याहून अधिक त्याचे स्वतःचे लक्ष, संयम आणि अंतराचे भान वाढते. भूमिका आणि ती धारण करणारा यांच्यातील अंतर अशा रीतीने कमी होत जाते.

शब्दाविना अर्थ कसा पोहोचतो याचे उत्तम उदाहरण याच खेळात आहे. आर्टोरियस नावाच्या मृत योद्ध्याच्या थडग्याची राखण सिफ नावाचा एक प्रचंड लांडगा तोंडात तलवार धरून करतो. पुढील वाटेसाठी लागणारी अंगठी त्याला मारूनच मिळते. त्याचे बळ संपत आले की तो लंगडू लागतो; तलवार पेलवत नाही, वार चुकतात, तोल जातो, तरी तो थडग्यासमोरून हटत नाही. अशा वेळी खेळणाऱ्याचा हात थबकतो. शत्रूविषयी करुणा वाटत असतानाच घाव घालावा लागणे, वीर आणि करुण या रसांचे असे एकत्र येणे, केवळ पाहणाऱ्याच्या वाट्याला या स्वरूपात येत नाही. घाव घालणारा हात आपला असतो म्हणूनच ते येते. यासाठी इंग्रजीचे एकही वाक्य कळण्याची आवश्यकता नाही.

तेव्हा अर्धवट वाचन हे सर्वत्र नुकसानीचे असते असे म्हणता येत नाही. पण मियाझाकीच्या खेळातील रिकाम्या जागा कर्त्याने हेतुतः सोडलेल्या आहेत, आणि त्या सर्वच वाचकांसाठी आहेत. भाषा न कळल्याने पडणारी रिकामी जागा कर्त्याने सोडलेली नसते. हा भेद पुढील उदाहरणात स्पष्ट होतो.

'द विचर ३' : आंधळी निवड

२०१५ साली प्रसिद्ध झालेला 'द विचर ३' हा पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या संस्थेचा खेळ आंद्रे सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या कथा-कादंबऱ्यांवर आधारित आहे. त्यातील 'ब्लडी बॅरन' हे उपाख्यान भूमिकाखेळाच्या संहितालेखनाचा एक श्रेष्ठ नमुना मानला जातो. बॅरन हा दारुडा सरदार आहे. त्याची बायको आणि मुलगी घर सोडून गेली आहेत. तो त्यांचा शोध घ्यायला सांगतो. शोध घेता घेता उघड होत जाते की घर सुटण्याचे कारण तो स्वतः आहे. पण तेवढ्यावर निवाडा करावा तर बायकोच्या बाजूलाही एक जुनी जखम निघते. कोणीही संपूर्ण निर्दोष नाही आणि कोणीही केवळ खलनायक नाही.

याच ओघात एका टेकडीवरील झाडात कोंडलेला आत्मा खेळणाऱ्यासमोर येतो. त्याला मुक्त करावे की नष्ट करावे? सर्वसाधारण क्रमाने खेळल्यास, मुक्त केल्यावर दलदलीतील अनाथ मुले वाचतात, पण एक गाव उद्ध्वस्त होते, बॅरनची बायको मरते आणि बॅरन गळफास घेतो. नष्ट केल्यास मुलांचा बळी जातो. बायको भ्रमिष्ट होते, पण जिवंत राहते, आणि बॅरन तिला घेऊन उपचारासाठी दूर निघतो. निवडीच्या क्षणी हे परिणाम कोणी सांगत नाही, तरी संवादांत त्यांच्या खुणा पेरलेल्या आहेत. त्या लक्षपूर्वक ऐकणाऱ्याला निदान संशय येतो आणि त्याची निवड नैतिक ठरते.

ज्याला संवाद कळत नाहीत तो काय करतो? तो पडद्यावरील दोन वाक्यांपैकी एकावर बोट ठेवतो. मुले मरतात किंवा बाई मरते आणि तो पुढच्या लढाईकडे वळतो. या खेळणाऱ्याकडे कौशल्य कमी नसते. प्रस्तुत लेखकाने पाहिलेले कित्येक विद्यार्थी हातचलाखीत त्याच्याहून सरस आहेत. परंतु निवड हा या खेळाचा प्राण आहे, आणि न कळता केलेली निवड म्हणजे फाशाचे दान. सिफच्या लढाईत भाषेवाचून काही अडले नव्हते. येथे भाषेवाचून खेळच घडत नाही.

या खेळाची संहिता पोलिश आणि इंग्रजीखेरीज चेक, हंगेरियन, अरबी, कोरियन अशा अनेक भाषांत उपलब्ध आहे. चेक आणि हंगेरियन भाषकांची संख्या प्रत्येकी सुमारे एक कोटीच्या आसपास आहे. २०११च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे ८ कोटी ३० लाख आहेत. तरी मराठी त्या यादीत नाही. कारण उघड आहे : भाषांतर लोकसंख्येकडे पाहून होत नाही, पैसे मोजून खेळ विकत घेणाऱ्यांकडे पाहून होते. पण बाजाराचे कारण कळले म्हणून सांस्कृतिक नुकसान भरून निघत नाही.

'राजी' : आपली गोष्ट, पण कोणासाठी?

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्रातच घडलेला एक खेळ महत्त्वाचा ठरतो. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड यांनी स्थापन केलेल्या पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या संस्थेने २०२० साली 'राजी : ॲन एन्शंट एपिक' प्रसिद्ध केला. किकस्टार्टरवरील निधीसंकलनाचा प्रयत्न फसल्यानंतरही ही लहान संस्था टिकली आणि त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये नवोदितांच्या पदार्पणाच्या विभागात या खेळाला नामांकन मिळाले. काटेकोर वर्गीकरणात तो 'ॲक्शन-ॲडव्हेंचर' ठरतो. शस्त्रांची शक्ती वाढविण्याची सोय त्यात आहे, पण संवादांची निवड नाही आणि गुणांचे कोष्टकही नाही. तथापि भूमिकेच्या प्रश्नासाठी तो येथे विचारात घेणे आवश्यक आहे.

राजी ही कसरती करणारी पोर. रक्षाबंधनाच्या दिवशी असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती त्याच्या शोधात निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते. राजस्थानी वास्तुशिल्प, पहाडी चित्रशैली आणि कथनासाठी छायाबाहुल्या यांचा वापर डोळ्यांना सुखावणारा आहे. याहून मोलाची गोष्ट म्हणजे राजीची लढण्याची रीत. ती खांबाला गिरकी घेते, भिंतीवरून धावते, उलटी उडी मारून शत्रूवर येते. आठवड्याच्या बाजारात दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची मुलगी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे अंग ओळखीचे वाटेल. एरवी ज्या मुलीकडे लोक नाणे फेकून पुढे जातात ती येथे महाकाव्याची नायिका आहे आणि तिची कसरत हेच तिचे शौर्य आहे. कृती आणि भूमिका यांचा असा मेळ मोठमोठ्या खेळांनाही क्वचित साधतो.

राजीला निवड नाही ही उणीव मानावी काय? याचे उत्तर आपल्या लोकपरंपरेत शोधता येते. नाशिक, पालघर आणि धुळे जिल्ह्याचा पश्चिम भाग या आदिवासी पट्ट्यात बोहाडा किंवा भोवाडा होतो. त्यात देव-दानवांचे मुखवटे घालून सोंगे नाचविली जातात. अनेक गावांत ठराविक सोंग ठराविक घराण्याकडे चालत आलेले असते. सोंग घेणारा आपली भूमिका निवडत नाही, तिचा शेवटही बदलत नाही. तरीही ती रात्र तो ती भूमिका जगतो. म्हणजे भूमिकेला 'निवडणे' आणि 'धारण करणे' अशी दोन अंगे आहेत. पाश्चात्य भूमिकाखेळाने पहिल्यावर भर दिला, आपल्या सोंगाने दुसऱ्यावर. राजी सोंगाच्या वाटेने जाते, आणि ती वाट कमी प्रतीची नाही.

'राजी'ची खरी उणीव तिच्या वाणीत आहे. दुर्गा आणि विष्णू हे खेळाचे निवेदक आहेत, आणि मूळ प्रकाशनात ते इंग्रजीत बोलतात. त्यांच्या बोलण्याचा सूर ज्याला ही दैवते अपरिचित आहेत त्याला समजावून सांगण्याचा आहे. ज्याच्या घरी नवरात्रात घट बसतो त्याला दुर्गा कोण हे सांगावे लागत नाही. त्याला राजीच्या मनात काय चालले आहे ते ऐकायचे असते. ती मात्र या मोठ्या आवाजांच्या खाली दबून जाते. कथेचा शेवट तुटक आहे, त्यामुळे तिचा आवाज मोकळा होण्याची संधीही हुकते. लहान संस्थेच्या साधनांची मर्यादा लक्षात घेऊनही हा मुद्दा नोंदवावा लागतो, कारण तो पैशाचा नसून संबोधनाचा आहे.

तुलनेसाठी चीनमधील 'ब्लॅक मिथ : वुकाँग' हा २०२४ सालचा कृतिप्रधान भूमिकाखेळ घेता येईल. तो 'पश्चिमेची यात्रा' या सोळाव्या शतकातील कादंबरीवर आधारलेला आहे. त्याच्या दुसऱ्या अध्यायात मस्तक नसलेला एक गायक तीन तारांचे वाद्य वाजवीत उत्तर शान्शी प्रांताच्या लोककथागायनाच्या शैलीत गातो. ते गाणे तिथल्या बोलीच्या ठेक्यात आहे. परकीयांसाठी त्याचा सूर मवाळ केलेला नाही. परदेशातील खेळणाऱ्यांनी ते उपशीर्षके वाचून ऐकले आणि त्याला डोक्यावर घेतले. खान्देशात पौराणिक आख्याने समूहाने गाऊन सांगणारी वहीगायनाची परंपरा आहे. तिचा सूर अहिराणी शब्दांसह एखाद्या खेळात का येऊ नये? साधनसंपत्तीत चीनशी बरोबरी होणार नाही, हे खरे. पण गायकाला स्वतःच्या बोलीत गाऊ देण्याचा निर्णय धैर्याचा आहे, आणि त्याची किंमत रुपयांत मोजता येत नाही.

समारोप

रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त कलेविषयीच्या लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी भूमिकांचा जो विचार केला आहे तो येथेही उपयुक्त ठरतो. खेळाचे जग स्वायत्त असते. त्यातील मृत्यू खरा नसतो, लूट खरी नसते. पण त्या जगात शिरण्याचे दार लौकिक आहे. ते वीज, यंत्र, पैसा आणि भाषा यांनी बनलेले आहे. यांपैकी पहिल्या तिन्हींची अडचण काळाबरोबर कमी झाली आहे. चौथ्याची फारशी झालेली नाही. या विवेचनातून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. कृतिप्रधान भूमिकाखेळात कृतीइतकीच संहिता महत्त्वाची असते. ती वगळून खेळल्यास 'डायब्लो'सारखी शोकांतिकाही केवळ लुटीचा खेळ भासते.

२. भाषा न कळण्याचे परिणाम सर्व खेळांत सारखे नसतात. 'डार्क सोल्स'मध्ये अर्धवट वाचनाला कर्त्यानेच जागा दिली आहे; 'द विचर ३'मध्ये त्याच अर्धवटपणामुळे नैतिक निवड नाहीशी होते.

३. भूमिका निवडण्यात असते तशीच धारण करण्यातही असते. भोवाड्यातील सोंगाची ही जाण 'राजी'सारख्या खेळाच्या समीक्षेला पाश्चात्य निकषांहून अधिक जवळची आहे.

४. विषय आपला असणे पुरेसे नाही. संबोधनही आपले असावे लागते. आपली दैवते परक्याला समजावून सांगणारा खेळ आणि आपल्या माणसाशी बोलणारा खेळ यांत फरक आहे.

विद्यापीठीय मराठी विभागांनी भाषांतर-अभ्यासाच्या तासिकांत एखाद्या खेळाच्या संवादांचे मराठीत आणि अहिराणीत रूपांतर करण्याचे काम विद्यार्थ्यांना द्यावे, अशी सूचना येथे करावीशी वाटते. ते काम वाटते तितके सोपे नाही. बॅरनची कबुली कोणत्या मराठीत लिहावी, तो दारूच्या अंमलात असताना 'मी' म्हणेल की 'आम्ही', जेराल्टला 'तू' म्हणेल की 'तुम्ही', हे ठरवताना विद्यार्थ्याला पात्र समजून घ्यावेच लागेल. आजवर ज्या संवादांवरून त्याचे बोट घसरत पुढे गेले, त्या संवादांशी तो प्रथमच थांबेल.